ड्रिपमधून खत-ॲसिड सोडताना आणि फवारणीचं पाणी बनवताना या चुका टाळा

ड्रममध्ये दही झालं होतं. पांढरं, घट्ट, काठी उभी राहील असं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, डाळिंबाला कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० (हे आकडे नत्र-स्फुरद-पालाशाचे, हे खत म्हणजे अमोनियम फॉस्फेट) दोन्ही द्यायचं होतं, लाईट दोनच तास, गड्यानं फोनवर विचारलं की मालक दोन्ही एकाच ड्रममध्ये टाकू का आणि मी दुसऱ्या कामात होतो, हो टाक म्हणालो. मी शेतात पोचेपर्यंत व्हेंचुरीनं (ड्रममधलं खत ओढून ड्रिपच्या पाईपात सोडणारा जोड) पाव ड्रम ओढून घेतला होता, फिल्टर जाम, आणि पुढच्या आठवड्यात चार लाईनीत दर तिसरा ड्रीपर बंद. शेजारचे तात्या बघायला आले, म्हणाले "खत डुप्लिकेट दिसतंय." खत एकदम ओरिजिनल होतं. मी स्वतः बीएस्सी केमिस्ट्री करून शेतीत आलोय, त्यामुळे ही चूक मला जास्त लागली आणि त्यानंतर मी पाण्याचं सगळं वहीत लिहायला लागलो, त्यातलंच इथं देतोय.

झालं काय होतं ते आधी. कोणतंही विद्राव्य खत पाण्यात टाकलं की त्याचे तुकडे सुटे होतात. कॅल्शियम नायट्रेटमधला कॅल्शियम वेगळा, नायट्रेट वेगळं. १२:६१:०० मधला अमोनियम वेगळा, फॉस्फेट वेगळं. आता ड्रममध्ये हे चौघं मोकळे फिरतायत आणि कॅल्शियमची गाठ फॉस्फेटशी पडली की दोघं मिळून असा पदार्थ बनतो जो पाण्यात विरघळतच नाही, म्हणजे साका बसतो. पिशवीवर "१०० टक्के विद्राव्य" लिहिलेलं खोटं नसतं, ते एकट्या खतापुरतं खरं असतं. हीच गोष्ट कॅल्शियम आणि सल्फेटची. कॅल्शियम नायट्रेटसोबत ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) किंवा मॅग्नेशियम सल्फेट टाकलं की जिप्सम तयार होतं, आणि जिप्सम एका लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, बाकीचं खाली बसणार म्हणजे बसणारच.

म्हणून कॅल्शियमचा ड्रम वेगळा ठेवा. त्याच्यासोबत १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) चालतं, कारण दोन्हीकडे नायट्रेट आहे आणि पोटॅशियम कुणाशी भांडत नाही. फॉस्फेटवाले (१२:६१, ०:५२:३४, १९:१९:१९) आणि सल्फेटवाले दुसऱ्या ड्रममध्ये. एक सोडून झालं की मध्ये साधं पाणी चालवा, लगेच दुसरं सोडलं तर तीच गाठ ड्रमऐवजी पाईपमध्ये पडते आणि ती तर दिसतही नाही. शंका असेल तर एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या, तुमच्याच विहिरीचं पाणी, ड्रममध्ये जे प्रमाण तेच, अर्धा तास ठेवा. गढूळ झालं तर विषय संपला. तुमच्याच विहिरीचं हे मुद्दाम लिहितोय, कारण बरेचजण बिसलरीच्या पाण्यात टेस्ट करतात आणि मग बोअरच्या पाण्यात साका कसा झाला म्हणून विचारतात. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आधीच बसलेला असतो ना. १८:४६ म्हणजे डीएपी रात्रभर भिजवून वरचं निवळ पाणी ड्रिपला सोडणाऱ्यांना नेमकं हेच भोवतं, डीएपीचं पाणी थोडं विम्ल (आम्लाच्या उलट) असतं आणि जड पाण्यात त्यातलं फॉस्फेट कॅल्शियमला धरून बसतं.

थंडीत खत विरघळत नाही म्हणून ढवळत बसणं

डिसेंबरात सकाळी सहाला १३:००:४५ बादलीत टाकून बघा. बादलीला बाहेरून हात लावला तर गारठा जाणवतो, कधी कधी बाहेरून घामही धरतो. हे खत विरघळताना पाण्यातलीच उष्णता ओढून घेतं. युरियाचंही तसंच. आणि पाणी गार झालं की तेच खत अजून कमी विरघळतं, म्हणजे जितकं टाकाल तितकं काम अडत जातं. पोटॅशियम नायट्रेट ३० अंशाला लिटरमध्ये साधारण ४५० ग्रॅम विरघळतं, १० अंशाला २०० च्या आसपासच. खाली राहिलेला थर भेसळ नसतो, पाण्याची क्षमता संपलेली असते. ०:०:५० तर अजून हट्टी, २० अंशालासुद्धा लिटरला ११० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २० लिटरच्या बादलीत दोन किलो हीच हद्द. पाणी वाढवा, किंवा टाकी दुपारी भरा, ऊन्हानं तापू द्या. दोन खतं टाकायची असतील तर जास्त गार करणारं शेवटी.

ड्रीपर बंद झाले की सरसकट ॲसिड

ही चूक घरोघरी आहे. ड्रीपर का बंद झाला ते न बघता दुकानातून ॲसिडचा कॅन आणायचा आणि सोडून द्यायचं. त्याआधी एक बंद ड्रीपर कापा, आतलं खरवडून बशीत घ्या आणि त्यावर ॲसिडचे दोन थेंब टाका, घरातलं व्हिनेगरसुद्धा चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. बुडबुडे आले, फेस झाला तर ती चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि हिच्यावर ॲसिड चालतं. बुडबुडे न येता हळूहळू विरघळलं तर बहुतेक फॉस्फेटचा साका, त्यावरही ॲसिड चालतं पण दमानं. काहीच झालं नाही तर जिप्सम किंवा सरळ माती, इथं ॲसिडचा खर्च वाया. बोटाला बुळबुळीत, हिरवट किंवा काळपट लागलं तर शेवाळ नाहीतर बॅक्टेरिया, त्यांना क्लोरीन लागतं. तांबूस गाळ म्हणजे लोह.

ॲसिड किती, हे सामूवरून ठरवणं

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, "आमच्या पाण्याचा पीएच ७.८ आहे, ॲसिड किती सोडू?" आणि याला नुसत्या पीएचवरून उत्तरच नाहीये. पीएच म्हणजे सामू फक्त एवढंच सांगतो की या क्षणी पाणी आम्ल आहे की विम्ल. पाणी ॲसिडला किती दाद देईल ते ठरतं त्यातल्या बायकार्बोनेटवर. ॲसिड टाकलं की बायकार्बोनेट ते खाऊन टाकतं, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साईड होतं, आणि बायकार्बोनेट संपेपर्यंत सामू फारसा हलत नाही. दोन विहिरींचा सामू ७.८ असू शकतो आणि एकीला दुसरीच्या दुप्पट ॲसिड लागू शकतं. लिटरला ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असेल तर बाजारातलं ३० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक हजार लिटरला अर्धा लिटरच्या आसपास लागतं, ६०० असेल तर एक लिटर.

रिपोर्ट नसेल तर बादलीत काढता येतं, मी दरवेळी काढतो. २० लिटर पाणी प्लास्टिकच्या बादलीत, बिनसुईची सिरिंज, हातमोजे, चष्मा, आणि पीएच मीटर. एकेक मिली ॲसिड टाकायचं, प्लास्टिकच्या काठीनं ढवळायचं, थांबायचं, आकडा लिहायचा. गेल्या ऑक्टोबरात माझ्या पाण्याला पहिल्या मिलीला ७.८ वरून ७.३ झालं. पाचव्या मिलीला ६.४. नवव्या मिलीपर्यंत साडेपाचच्या आसपासच रेंगाळत होतं, बादलीच्या कडेला सोड्याच्या बाटलीसारखे बारीक बुडबुडे चिकटलेले, आणि मग पुढच्या दोन मिलीत आकडा धाडकन साडेतीनच्या खाली. हा धाडकन भाग लक्षात ठेवा. नवव्या मिलीला कंटाळून "काही होत नाही" म्हणत कुणी एकदम पाच मिली ओतलं तर ते मुळ्यांना महागात पडतं. ड्रिप धुवायची असेल तर शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचा सामू ४ च्या आसपास आला की पुरे, मग लाईन बंद करून मुरू द्यायची आणि नंतर एन्ड कॅप (लाईनच्या टोकाचं झाकण) काढून स्वच्छ पाण्यानं फ्लश. फ्लश करायचं राहिलं तर सुटलेली चुनखडी पुढच्या ड्रीपरमध्ये जाऊन बसते, हेपण बघितलंय.

आणि सामूचा आकडा साध्या मोजपट्टीसारखा वाचू नका. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये ही मोजणी आणली, त्यात एक आकडा म्हणजे दहापट. ७ वरून ५ म्हणजे दोन पावलं वाटतात पण आम्लता शंभरपट झालेली असते.

इथं चूक माफ नाही

ॲसिडमध्ये पाणी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड ओतायचं, बारीक धारेनं. सल्फ्युरिक असेल तर जास्तच सांभाळा, पाणी मिसळताना इतकी उष्णता निघते की वर पडलेलं पाणी जागीच उकळतं आणि ॲसिडसकट तोंडावर उडतं. दुसरं, ॲसिड आणि ब्लीचिंग (ग्रामपंचायतवाले टीसीएल म्हणतात ते) एका भांड्यात, एका टाकीत, एकामागोमाग एकाच व्हेंचुरीतूनही न धुता नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो हवेपेक्षा जड, पंपहाऊससारख्या खोलगट बंद जागेत खालीच साचतो. ज्या मगानं ॲसिड मोजलं त्यानं ब्लीचिंग मोजू नका. युरिया किंवा अमोनियमवालं खत चालू असताना पण क्लोरीन नको.

अंगावर ॲसिड उडालं तर लोक सोडा चोळायला धावतात. नका करू. वाहत्या पाण्याखाली धरा, पंधरा-वीस मिनिटं, कपडे काढून. डोळ्यात गेलं तरी पाणीच, पापणी उघडी धरून, आणि लगेच दवाखाना. म्हणून ॲसिडचं काम काढायच्या आधी पाण्याची भरलेली बादली आणि दुसरा माणूस शेजारी पाहिजे.

फवारणीचं पाणी

कॅप्टनसारखं बुरशीनाशक घ्या. सामू ५ च्या पाण्यात ते निम्मं व्हायला ३२ तास लागतात, ७ ला ८ तास, आणि ८ ला दहा मिनिटं. दहा मिनिटं! आपल्याकडं कित्येक बोअरचं पाणी ८ च्या आसपास असतंय आणि आपण टाकी बनवून चहा प्यायला जातो, मग औषध लागू पडलं नाही म्हणून दुकानदाराशी भांडतो. आधी पाणी, मग सामू खाली आणायचा, मग औषध, आणि बनवलं की लगेच मारायचं. पण सगळ्या औषधांना आंबट पाणी आवडत नाही, ताम्रयुक्त बुरशीनाशकं आम्ल पाण्यात टाकली की मोकळं तांबं जास्त सुटतं आणि पान करपतं. लेबल वाचा.

तांब्यावरून बोर्डोचं, म्हणजे मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि चुन्याच्या मिश्रणाचं सांगतो, कारण याचं रसायन मला मनापासून आवडतं. फ्रान्समध्ये मेडॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरी टाळायला मोरचूद-चुना मारायचे, त्या वेलींना केवडा रोग कमी येतोय हे १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्डे यांच्या नजरेत भरलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जाहीर केलं. आपण आजही छाटणीनंतर तेच मारतो. एक टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. नेहमीची चूक म्हणजे दोन्ही थोड्याच पाण्यात घट्ट करून एकत्र करणं, त्यानं जाड कण पडतात आणि नोझल चोंदतं. मोरचूद ५० लिटरमध्ये, चुना विरवून गाळून दुसऱ्या ५० लिटरमध्ये, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू, सतत ढवळत. भांडं प्लास्टिकचं. लोखंडी बादलीत मोरचूद ठेवलं की तांबं बादलीवर बसतं आणि लोखंड पाण्यात उतरतं.

याच गुणाचा उपयोग परीक्षेला होतो. माझे वडील घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात बुडवून मिनिटभर धरायचे आणि वर काढून उन्हात तिरका करून बघायचे. पात्यावर तांबूस झाक आली तर अजून मोकळं तांबं शिल्लक आहे, चुन्याची निवळी आणखी घाला. विळा जसाच्या तसा पांढरा निघाला की फवारायला घ्या. मी मीटर घेऊन शेजारी उभा असतो, त्यांचा विळा आणि माझा मीटर आजवर एकमेकांना खोटं पाडू शकले नाहीत. कळीचा चुना जुना, हवा लागलेला असेल तर मात्र किलोला किलो पुरत नाही, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साईडनं त्याची परत चुनखडी झालेली असते. बोर्डो त्याच दिवशी संपवा आणि त्यात दुसरं कुठलंही औषध मिसळू नका.

मीटरचं थोडक्यात. पेनसारखा स्वस्त पीएच मीटर चालतो पण ४ आणि ७ च्या बफरला (ठरलेल्या सामूच्या द्रावणाला) महिन्यातून एकदा तरी लावून घ्या, आणि टोक कोरडं पडू देऊ नका, डिस्टिल्ड पाण्यातही बुडवून ठेवू नका, त्याचं द्रावण मिळतं त्यात ठेवा. ईसी किंवा टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो, क्षार कॅल्शियमचा आहे की सोडियमचा ते त्याला कळत नाही, आणि जमीन चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होणार की नाही हे नेमकं त्या सोडियमवर ठरतं. त्यामुळे वर्षातून एकदा लॅबचा पूर्ण रिपोर्ट काढाच, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट वेगवेगळे मागून घ्या.

आणि तो रिपोर्ट कुठल्या महिन्याचा आहे ते त्यावर लिहून ठेवा. माझ्या विहिरीच्या ज्या बादलीला ऑक्टोबरात अकरा मिली लागलं होतं तिलाच मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर, सोळा मिली लागलं. आता ड्रमवर मार्करनं तारीख आणि मिली लिहिलेलं असतं आणि गडी मला फोन करण्याआधी ते वाचतो.