घोटा मुरगळला तर आधी चोळू नका
मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता येळ्ळूरला पहाटे भरतीच्या पोरांना पळवतो. भरतीत पळायचं असतं 1.6 किलोमीटर, पण पोरं त्याआधीच राजहंसगडावर पाय दुखावून घेतात. चढताना नाही, उतरताना. मांड्या थरथरत असतात आणि पावसात दगड शेवाळलेले.

गेल्या श्रावणात एकाचा पाय असाच वळला. घरच्यांनी मायेनं तेल कोमट करून खसाखसा चोळलं. संध्याकाळी सुजेत घोटाच दिसेना. पाय मुरगळला की हाडं बांधून ठेवणारे तंतू ताणतात, तुटतात, आत रक्त उतरतं. चोळलं, शेकलं की ते आणखी उतरतं. म्हणून पहिले दोन दिवस दोन्ही बंद.

पळणं तिथंच थांबवा. फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, 15 ते 20 मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. आम्ही धुतलेल्या दुधाच्या पिशवीत थोडं पाणी घालून गोठवून ठेवतो, घोट्यावर ती बरोबर बसते. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळत न्या. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधा. झोपताना पायाखाली दोन उशा.

आता महत्त्वाचं. चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर पोरगं कळवळलं, तर एक्स-रे काढाच. त्या पोराचं हाड चिरलेलं निघालं. ‘बसवून देतो’ म्हणत पाय ओढणाऱ्याच्या हाती देऊ नका, हात जोडून सांगतो.

नडगीचं दुखणं निराळं, ते हळूहळू येतं. झिजलेले बूट, डांबरी रस्ता, आणि दोन किलोमीटरवरून एकदम सहावर उडी. पळणं थांबवून थोडे दिवस सायकल मारा. बोटाएवढ्या एकाच जागी दुखतंय, रात्रीही ठणकतंय, तर हाडाला बारीक चीर असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

माझ्याकडं पहिली 10 मिनिटं नुसतं भरभर चालणं आणि सावकाश पळणं. गडाचा उतार चालतच उतरायचा.

सूज गेली म्हणून लगेच मैदानात येऊ नका. दात घासताना दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभं राहून बघा. तोल जात असेल तर अजून पळायचं नाही.