वाचनालयात ‘नव्वदीपार’ फलक लावायचा असेल तर

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन. सप्टेंबर अर्धा सरला की वाचनालयांना नव्वदी ओलांडलेल्या माणसांच्या फलकाची आठवण होते. आमच्याकडचा फलक मी नोकरीत असताना करायचे, निवृत्तीनंतरही तो माझ्याच गळ्यात आहे. तेव्हा जे जमलंय ते सांगते.

‘दीर्घायुष्याचं रहस्य’ असला मथळा आधी बाद करा. कोण पहाटे उठायचं, कोण कारल्याचा रस प्यायचं, हे वाचून कुणी थांबत नाही. कुठल्या वयात माणूस काय करत होता ते लिहा. बी. के. एस. अय्यंगार २०११ साली पुण्याहून चीनला योग शिकवायला गेले तेव्हा ९२ वर्षांचे होते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख २०१४ मध्ये अकराव्यांदा आमदार झाले, तेव्हा नव्वदीला टेकले होते. बाबा आमटेंना मणक्याच्या दुखण्यामुळे धड बसता येत नव्हतं, तरी पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, १९९० साली, ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. अशी एकेक ओळ पुरते. पुरस्कारांची जंत्री नको.

वय काढताना सालातून साल वजा करून मोकळे होऊ नका. लता मंगेशकर २८ सप्टेंबर १९२९ च्या, गेल्या ६ फेब्रुवारी २०२२ ला. नुसती वजाबाकी ९३ सांगते, खरं वय ९२. क्रिकेटचे दत्ताजीराव गायकवाड (२७ ऑक्टोबर १९२८ – १३ फेब्रुवारी २०२४) असेच ९६ नव्हे, ९५. शंतनुराव किर्लोस्कर एप्रिल १९९४ मध्ये गेले आणि त्यांचा वाढदिवस मे महिन्यातला, म्हणजे ९०. वाढदिवस येऊन गेला होता की नाही, एवढंच बघायचं.

बाबासाहेब पुरंदऱ्यांपाशी मात्र हमखास वाद होतो. जन्म २९ जुलै १९२२, नागपंचमीचा. २०२१ च्या जुलैत त्यांना शंभरावं लागलं, तिथीनं सत्कार ऑगस्टमध्ये झाला आणि १५ नोव्हेंबरला ते गेले. लोकांच्या डोक्यात ‘शंभर’ पक्कं बसलंय. पूर्ण झाली होती ती ९९. चौकटीत तारखा ठळक लिहा, वाद तिथल्या तिथे मिटतो. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा आणि १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे तारखेनं पहिला वाढदिवस थेट आठव्या वर्षी! तेही ९९ वर्षं जगले. शाळेची पोरं या चौकटीपाशी बोटं मोजत उभी राहतात.

महर्षी कर्वे १०४ वर्षांचे होऊन गेले. त्यांना नव्वदीच्या रांगेत कोंबू नका, वेगळा कागद द्या. शंभरीच्या वर्षी, १९५८ साली, भारतरत्न मिळालं हे त्यावर येईलच; पण समता संघ काढला तो १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, हे कुणाला ठाऊक नसतं. त्यांच्या शेजारी त्यांच्या नात्यातले रँग्लर परांजपे लावा. दोघंही दापोली तालुक्यातले. रँग्लर (केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवणारा) परांजपे १८९९ ला त्या परीक्षेत पहिले आले आणि १९६६ साली ९० व्या वर्षी गेले. त्यांच्या खाली मुलगी शकुंतला परांजपे: र. धों. कर्व्यांबरोबर संततिनियमनाचं काम, मग विधान परिषद, राज्यसभा, आणि २००० साली ९४ व्या वर्षी निधन. बापलेक दोघंही नव्वदीपार! मला विचाराल तर फलकावरची सर्वांत वाचनीय जागा हीच.

गायक आणि पुढारी आपसूक गर्दी करतात. दोघा-तिघांवर थांबा आणि दुर्गा भागवत, विंदा करंदीकर, आर. के. लक्ष्मण यांना जागा ठेवा. तारखा मराठी विश्वकोशात बघा आणि शक्य तर त्या दिवसांच्या वर्तमानपत्राशी ताडून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काही उतरवू नका.

कार्डशीट पांढरं नको, फिकट पिवळं घ्या. काळ्या जाड मार्करनं निदान दोन बोटं उंच अक्षर काढा. लॅमिनेशनचा मोह टाळा, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि मधल्या दोन ओळी दिसेनाशा होतात. फलक नेहमीपेक्षा वीतभर खाली लावा. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेल्या माणसाला वरचं वाचायला मान मागे टाकावी लागते, आणि वाचणारे बहुतेक तेच. समोर एक खुर्ची ठेवलीत तर उत्तम.

उजवा कोपरा गावातल्या नव्वदीकरांसाठी. घरच्यांना आणि खुद्द आजी-आजोबांना विचारूनच नाव घाला. जन्मतारीख १ जून सांगितली तर ती बहुधा शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली असते. खाली ‘शाळेच्या दाखल्याप्रमाणे’ असं बारीक लिहा. फोटो मूळ आणू नका. त्यांच्याच घरी मोबाइलवर काढून घ्या आणि प्रिंट मारा. अल्बममधल्या फोटोचा कोपरा दुमडला तर पुढच्या फलकापर्यंत ऐकून घ्यावं लागेल.