रोस्टर एडिटरमध्ये फिल्टर वापरताना या चुका टाळा

नाशिकला इंदिरानगरमध्ये आम्हा पाच-सहा मित्रांची एनबीए २के या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमची घरगुती लीग चालते आणि दर हंगामापूर्वी रोस्टर फाइल, म्हणजे संघ आणि खेळाडूंची यादी, एडिटर प्रोग्राममध्ये दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे असते. एनबीए या उत्तर अमेरिकेतील बास्केटबॉल लीगच्या ३० संघांचे प्रत्येकी १५ खेळाडू धरले तरी ४५० ओळी होतात. शिवाय करारमुक्त खेळाडू आणि जुन्या काळातील गाजलेले संघ वेगळेच. इतक्या ओळींत फिल्टरशिवाय, म्हणजे अट घालून हव्या त्याच ओळी पाहिल्याशिवाय, काम होत नाही, मात्र सर्वाधिक बिघाडही मी फिल्टरमुळेच झालेले पाहिले आहेत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आधीचा फिल्टर चालू आहे हे विसरणे. लुका डॉन्चिच हा खेळाडू फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसच्या संघाकडून लेकर्स संघाकडे गेला. मी जुनी फाइल उघडून लेकर्सचा फिल्टर लावला, तेव्हा साहजिकच तो दिसला नाही. फाइलमध्ये तो नाहीच असे समजून मी नवा खेळाडू तयार केला, उंची आणि रेटिंग (कौशल्याचे गुण) भरले, ७७ क्रमांकाची जर्सी दिली आणि फाइल सेव्ह केली. फिल्टर काढल्यावर डॅलसच्या यादीत तोच खेळाडू, त्याच ७७ क्रमांकासह, जागेवर होता. अशा वेळी जादा ओळ घाईने पुसू नये, कारण संघाच्या तक्त्यात खेळाडू सहसा त्याच्या अनुक्रमांकाने जोडलेला असतो आणि ओळ गेली की ती जोडणी चुकीच्या ठिकाणी जाऊ शकते. मूळ फाइलची वेगळी प्रत ठेवलेली असेल, तर तिच्यावरून पुन्हा सुरुवात करणे अधिक सुरक्षित असते. खेळाडू सापडत नसेल, तेव्हा प्रथम सर्व फिल्टर काढून संपूर्ण यादीत नाव शोधावे.

नाव शोधतानाही पूर्ण नाव पाहिले पाहिजे. ओक्लाहोमा सिटी संघात जेलन विल्यम्स आणि जेलिन विल्यम्स असे दोन वेगळे खेळाडू आहेत. केवळ आडनावाचा फिल्टर लावून पहिल्या ओळीत बदल केल्यास गार्डचे रेटिंग सेंटरला जाऊ शकते (गार्ड आणि सेंटर ही खेळाडूंच्या मैदानावरील जागांची नावे). डॉन्चिच किंवा योकिच या खेळाडूंच्या नावातील शेवटच्या रोमन अक्षरावर मुळात एक चिन्ह असते. रोस्टर बनवणाऱ्याने ते ठेवले असेल आणि आपण साधे अक्षर टाइप केले असेल, तर काही एडिटर एकही ओळ दाखवत नाहीत, म्हणून नावाची सुरुवातीची तीन-चार अक्षरेच टाइप करावीत.

‘आणि’ व ‘किंवा’ या अटींचा घोळ सहजासहजी लक्षात येत नाही. पॉइंट गार्ड किंवा शूटिंग गार्ड, आणि तीन गुणांच्या फेकीचे रेटिंग ८० पेक्षा जास्त, अशी अट कंस न घालता दिली, तर अनेक एडिटर ‘आणि’ची जोडी आधी सोडवतात, परिणामी सर्व पॉइंट गार्ड येतात आणि ८० ची अट फक्त शूटिंग गार्डना लागते. उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी तो रकाना चढत्या क्रमाने लावावा. वरच्याच ओळीत ५५ रेटिंगचा गार्ड दिसला, तर अट चुकली आहे. कंसाची सोय नसेल, तर दोन्ही जागांसाठी फिल्टर वेगवेगळा चालवावा.

उंचीच्या बाबतीत ‘बरोबर’ या चिन्हाऐवजी मर्यादा द्यावी. ६ फूट ९ इंच म्हणजे ८१ इंच, म्हणजेच २०५.७४ सेंटिमीटर, फाइलमध्ये हा अपूर्णांक असेल, तर २०६ लिहून काहीच सापडणार नाही. रकान्यात उंची इंचांत आहे की सेंटिमीटरमध्ये, हे एखाद्या ओळखीच्या खेळाडूच्या ओळीवरून आधी पाहून घ्यावे.

एकगठ्ठा बदल करताना मात्र मी आजही हात आखडता घेतो. काही एडिटर दिसणाऱ्या ओळींवरच बदल करतात, तर काही आधी निवडलेल्या पण आता फिल्टरमुळे लपलेल्या ओळींवरही तो लागू करतात. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी जुनी निवड रद्द करावी आणि खाली दिसणारी ओळींची संख्या वाचावी. एका संघाचे रेटिंग बदलायचे असताना तिथे १५-१८ ऐवजी ४०० चा आकडा दिसत असेल, तर संघाची अट लागलेलीच नाही.