घरातल्या वायफायची रेंज: नवा राउटर घेण्याआधी या चुका टाळा

हॉलमध्ये नेट सुसाट आणि आतल्या बेडरूममध्ये ऑफिसचा कॉल सारखा तुटतोय, ही तक्रार कोथरूडच्या जुन्या इमारतींपासून वाकड-हिंजवडीच्या टॉवरपर्यंत पुण्यात सगळीकडे ऐकू येते. त्यावर बरेच जण थेट वरचा प्लॅन घेतात. पैसे जातात आणि बेडरूम तशीच राहते, कारण प्लॅनचा वेग राउटरपर्यंतच्या लाइनचा असतो. तिथून पुढे फोनपर्यंत काय पोहोचतं, ते रेंजवर ठरतं. म्हणून आधी लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून स्पीड बघा. तिथेच कमी दिसला तर नेटवाल्याला फोन करा. पूर्ण दिसला तर दुखणं घरातलं आहे.

फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजण्याचं एकक) असतो आणि तो उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सहसा नीट चालतो, उणे ७० च्या पलीकडे तो अडखळायला लागतो आणि उणे ८० ला वायफाय नावापुरतंच उरतं. आकडा १० ने घसरला की सिग्नलची ताकद दहापटीने कमी होते, त्यामुळे उणे ६० आणि उणे ७० यांत फार मोठं अंतर आहे. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझरसारखं अॅप घ्या (लोकेशन चालू ठेवावं लागतं). आयफोनवर अॅपलचं एअरपोर्ट युटिलिटी घेऊन सेटिंग्जमधून त्यातला वायफाय स्कॅनर चालू करा. मग फोन एकाच उंचीवर धरून खोलीखोलीत फिरा. प्रत्येक जागी थोडं थांबा, आकडा स्थिरावू द्या, आणि बेडरूमचं दार लावूनही बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक राउटरच्या जागेची. फायबर डक्टमधून मुख्य दाराशी येतो, बसवणारा माणूस जवळच्या कोपऱ्यात डबा ठोकतो, आणि मग दिसायला बरं नाही म्हणून आपण तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबतो. पुढे टीव्ही, शेजारी आरसा नाहीतर फिश टँक! धातू आणि आरसा सिग्नल परतवतात, पाणी तो शोषतं. नव्या टॉवरमध्ये मायव्हान पद्धतीच्या बांधकामात आतल्या भिंतीसुद्धा लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या असतात. अशा दोन भिंती ओलांडताना ५ गिगाहर्ट्झच्या बँडचा (वायफायच्या लहरींचा वेगवान पण कमी लांब जाणारा पट्टा) दम संपतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीही तशाच आडव्या येतात. राउटर पॅसेजमध्ये, घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर ठेवा. फायबर तिथवर न्यायचा तर कोपऱ्यांवर दुमडू देऊ नका. अँटेना उभ्या ठेवा. सिग्नल अँटेनाच्या बाजूंनी पसरतो, टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जातो. त्यामुळे टोक बेडरूमकडे वळवणं उलटंच पडतं. दुमजली रो हाउसमध्ये मात्र एक अँटेना आडवी करून बघण्यासारखी आहे.

५ गिगाहर्ट्झ जवळच्या खोलीत वेगवान, २.४ गिगाहर्ट्झ लांबवर पोहोचणारा. पण सोसायटीत २.४ वर आजूबाजूच्या सगळ्या फ्लॅटची गर्दी असते, आणि मायक्रोवेव्हही साधारण त्याच लहरींवर चालतो. राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांतला कमी गर्दीचा चॅनल निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

रिपीटर (राउटरचं वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) घेतलात तर तो रेंज नसलेल्या खोलीत लावू नका. त्याच्यापर्यंतच धड काही येत नसेल तर तो पुढे काय देणार? उणे ६५ च्या आसपास रेंज आहे अशा मधल्या जागी लावा. तरीही एकाच बँडवर घेणं-देणं करणाऱ्या रिपीटरवर वेग जवळपास निम्मा होतो, हे धरून चला.

घराचं काम निघणार असेल तर इलेक्ट्रिशियनला हॉलपासून प्रत्येक बेडरूमपर्यंत स्वतंत्र पाइप टाकून कॅट ६ प्रकारची लॅन केबल ओढायला सांगा. विजेच्या वायरच्या पाइपमध्ये ती घालू देऊ नका. त्या केबलच्या टोकाला अॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायवर देणारा डबा) लावला की भिंत कितीही जाड असली तरी त्या खोलीला स्वतःचं वायफाय मिळतं.