बीएमएसवरचा कंट्रोलर मधेच ऑफलाइन जातोय? आधी लाइन मोजा

बीएमएस म्हणजे इमारतीतली एसी, पंप वगैरे सांभाळणारी नियंत्रण प्रणाली. तिच्यात बॅकनेट एमएस/टीपीच्या (कंट्रोलर एकामागोमाग जोडणाऱ्या डेटा केबलच्या) लाइनवरचा एखादा व्हीएव्ही (खोलीत जाणारी हवा कमी-जास्त करणारा डबा) किंवा एएचयू (हवा थंड करून पाठवणारं यंत्र) कंट्रोलर दिवसातून चारदा ऑफलाइन जाऊन आपोआप परत येत असेल, तर लगेच नवा मागवू नका. दोष बहुतेकदा तारांत किंवा पत्त्यात सापडतो, आणि मग नवा कंट्रोलरही तसाच वागतो.

पॅनेल उघडण्याआधी अलार्म लॉग चाळा. एका जागेपासून पुढचे सगळे गेले, तर तिथला जोड बघा. दोनच कंट्रोलर आलटूनपालटून जात असतील, तर दोघांना एकच पत्ता दिलेला असू शकतो. पंपाचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सुरू झाला की गडबड होत असेल, तर डेटा केबल पॉवर केबलला चिकटून टाकलेली आहे का ते पाहा.

आता लाइनवरच्या सगळ्या कंट्रोलरचा आणि राउटरचा (लाइनला मुख्य नेटवर्कशी जोडणाऱ्या उपकरणाचा) पुरवठा बंद करून डेटा केबलच्या प्लस आणि मायनसमधला रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर (टोकाला सिग्नल परत उलटू नये म्हणून लावलेला) असेल तर साधारण ६० दिसतात. १२० दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही किंवा मधे तार तुटली आहे. ४० म्हणजे तिसरा रेझिस्टर कुठेतरी लागलाय. बहुतेकदा मधल्याच एखाद्या कंट्रोलरवर टर्मिनेशनचा डिप स्विच (बोर्डावरचा छोटा स्विच) चालू राहिलेला असतो. शून्याच्या आसपास आकडा आला तर सरळ शॉर्ट.

मग स्क्रू. प्रत्येक तार हलकेच ओढून बघा. तांब्याऐवजी इन्सुलेशनच स्क्रूखाली दाबलेलं सापडतं. शील्डची (केबलमधल्या धातूच्या वेष्टनाची) केसासारखी तार शेजारच्या टर्मिनलला टेकते, तेही झाकण लावल्यावरच. झाकण काढलं की सुटते, म्हणून तपासायला गेलात की सगळं ठीक दिसतं! शील्ड पूर्ण लाइनभर जोडलेली हवी, पण अर्थिंग एकाच टोकाला. केबल एका कंट्रोलरवरून पुढच्यावर गेली पाहिजे, मधे फांद्या नकोत. एकूण लांबी १२०० मीटरच्या आत.

एका २४ व्होल्ट एसी ट्रान्सफॉर्मरवर अनेक कंट्रोलर असतील तर २४ आणि कॉमन कुठे उलटे झालेत का पाहा. हाफ-वेव्ह पुरवठ्याच्या (एसीची अर्धीच लहर वापरणाऱ्या) कंट्रोलरमध्ये एवढी एक चूक अख्खी लाइन बिघडवते.

पत्ते तपासताना मास्टर डिव्हाइसचा (स्वतःहून संदेश पाठवू शकणाऱ्या कंट्रोलरचा) मॅक पत्ता ० ते १२७ मधला आणि त्या लाइनवर एकमेव हवा. डिव्हाइस इन्स्टन्स (कंट्रोलरचा बॅकनेट ओळख क्रमांक) मात्र अख्ख्या नेटवर्कवर एकमेव लागतो. बॉड रेट (डेटाचा वेग) सगळीकडे एकच. मॅक्स मास्टर (कुठल्या मॅक पत्त्यापर्यंत शोधायचं ती मर्यादा) सगळीकडे ४० ठेवून नव्या कंट्रोलरला ४५ हा पत्ता दिला तर तो मधेच जात नाही, कधी दिसतच नाही.

तरीही दोष सापडला नाही तर लाइन मधोमध तोडा, सुटलेल्या टोकाला तात्पुरता १२० ओहम लावा आणि राउटरकडचा भाग स्थिर राहतो का पाहा. दोष दिवसातून दोनदा येत असेल तर किमान एक दिवस थांबा. दहा मिनिटांत काही कळत नाही. तोडलेल्या भागातल्या एएचयूला बाहेरचं तापमान किंवा वेळापत्रक नेटवर्कवरून मिळत असेल, तर आधी प्लांट ऑपरेटरला सांगा.

एकाच वेळी अनेक लाइन गायब होत असतील तर शिडी घेऊन चढू नका. तेव्हा आयपी बाजू बघायची: स्विच, यूडीपी पोर्ट ४७८०८ आणि एका सबनेटमध्ये चुकून दोन बीबीएमडी (बॅकनेटचे सर्वांसाठीचे संदेश एका सबनेटमधून दुसऱ्यात पोचवणारी उपकरणं) चालू आहेत का.