उद्देशिकेवर पथनाट्य बसवताना

२६ नोव्हेंबर, म्हणजे संविधान दिन, जवळ आला की कॉलेजांत संविधानावरच्या पथनाट्यांची धावपळ सुरू होते. त्यातली बरीचशी घोषणांपाशीच अडकतात. दहा जणांनी देश महान असल्याचं ओरडून सांगितलं की बघणारा मान डोलावतो आणि चालू लागतो. रिंगणात स्वतःची गल्ली दिसली, तर मात्र तो थांबतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस संहिता लिहायला घेऊच नका.

१० ते १२ जण गोल बसा. संविधानाची उद्देशिका, म्हणजे त्याची प्रस्तावना, मराठीतून मोठ्याने वाचा. प्रत्येकाने तिच्यातला एक शब्द उचलायचा आणि तो आपल्या आयुष्यात कुठे अडला, तो प्रसंग सांगायचा. ‘समानता म्हणजे काय?’ असं विचारलंत तर पाठ्यपुस्तकातली व्याख्या मिळेल. ‘तुला शेवटचं कधी वेगळं वागवलं?’ असं विचारा. मग भाड्याची खोली बघताना विचारलेलं आडनाव निघतं, ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुलीला रोज ऐकावं लागणारं ‘तू इंडियाचीच ना?’ निघतं. त्यातले तीनच प्रसंग घ्या. ज्याचा प्रसंग आहे त्याची परवानगी हवीच. नाव-गाव बदला आणि भूमिका दुसऱ्याला द्या. स्वतःचा अपमान रोज तालमीत पुन्हा भोगायला लावणं क्रूर आहे.

खोलीचा प्रसंग असा बसवता येतो. दोघे हात जोडून दार होतात, तिसरा घरमालक. मुलगा येतो, भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं. मग कोरस एका सुरात विचारतो, ‘आडनाव?’ डफावर एकच थाप. मुलगा ओठ हलवतो, आवाज नाही. घरमालक म्हणतो, ‘कळवतो हं.’ दार बंद. हे तीनदा, दर वेळी आधीपेक्षा जलद. तिसऱ्यांदा दार बंद झाल्यावर कोरस हळू आवाजात फक्त ‘दर्जाची व संधीची समानता’ एवढंच म्हणतो. त्यावर भाषण जोडायचा मोह होतो, तो टाळा. आडनाव मुद्दाम ऐकवायचं नाही. ऐकणारा तिथे आपल्या मनातलं घालतो.

यानंतर इतिहासाचा एक तुकडा हवा. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत सदस्य ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी अशी दुरुस्ती मांडली. श्रद्धेच्या स्वातंत्र्याचं वचन देणाऱ्या मजकुराशी हे विसंगत आहे, असं हृदयनाथ कुंझरू म्हणाले. ईश्वरावर मतदान करायची वेळ आणू नका, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. तरी मतदान झालं: बाजूने ४१, विरोधात ६८. आपण कोण, हे या देशात हात वर करून, वाद घालून ठरलं, ही गोष्ट पोरांना फार भिडते. कामतांना विदूषक करू नका. दोन्ही बाजू तेवढ्याच तळमळीने बोलल्या, तरच प्रवेश उभा राहतो. आकडे सांगण्याआधी प्रेक्षकांनाच हात वर करायला सांगा.

पूर्ण प्रयोग १५ ते १८ मिनिटांचा, त्याहून लांबला की कडेची माणसं गळतात. रिंगण साधारण १५ फुटांचं, शक्यतो एका बाजूला भिंत. मोकळ्या मैदानात आवाज विरून जातो. वाक्यं आठ-दहा शब्दांची. बोलणाऱ्याने हळूहळू फिरत बोलायचं, नाहीतर अर्ध्या लोकांना पाठच ऐकावी लागते. महत्त्वाचा शब्द कोरसने परत म्हणायचा, कारण नेमका तेव्हाच हॉर्न वाजतो. वर्गात पाठ झालेलं नाटक रस्त्यावर हमखास पडतं. किमान चार तालमी उघड्यावर करा. घसा ओरडण्याने बसतो, तेव्हा जोर पोटातून हवा.

तिरंगा वापरणार असाल तर १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांविषयीचा कायदा आधी वाचा. झेंडा कमरेखाली नेसणं, पडद्यासारखा लावणं, मुद्दाम जमिनीला टेकवणं हा अवमान ठरतो, आणि धावपळीच्या नाटकात झेंडा हातातून निसटू शकतो. सोपा उपाय म्हणजे झेंडा आणूच नका. राष्ट्रगीतही नको. ते सुरू झालं की सगळ्यांनी स्तब्ध उभं राहायचं असतं. रस्त्यावर कोणी चालत राहिला तर भांडण पेटतं आणि नाटक बाजूला पडतं.

कॉलेजच्या आवारात प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. चौकात करायचं असेल तर आठ-दहा दिवस आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या, पोच घेतलेली प्रत खिशात ठेवा. ध्वनिक्षेपकाला वेगळी परवानगी लागते. डफ आणि गळ्यावर भागवा.

प्रयोगानंतर दहा मिनिटं रिंगण मोडू नका. ‘नाटक कसं वाटलं?’ असं विचारलं तर ‘छान’ एवढंच मिळतं. ‘तुम्ही घरमालक असता तर?’ असं विचारा. कोणी चिडून बोललं तर अडवू नका, उत्तर द्यायची घाई नको. दोन मुलांनी वहीत ती वाक्यं जशीच्या तशी टिपून घ्यावीत. पुढच्या प्रयोगात घरमालकाच्या तोंडी तीच घाला.