दोन मॉनिटर लावताना या चुका टाळा

दुसरा मॉनिटर जोडला, त्यावर चित्र दिसलं की बहुतेक जण लगेच कामाला लागतात. मग माऊस मधेच अडकतो, अक्षरं पुसट दिसतात, आणि मॉनिटरच खराब निघाला असं वाटू लागतं. बहुतेक वेळा मॉनिटर चांगला असतो. टेबलावरची मांडणी आणि कॉम्प्युटरला माहीत असलेली मांडणी, या दोन्हींचा मेळ बसलेला नसतो.

विंडोजमध्ये आधी विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ राहिलं असेल तर दोन्हीकडे एकच चित्र दिसेल. मग डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १ आणि २ असे चौकोन दिसतात. मॉनिटर डावीकडे असेल तर त्याचा चौकोनही ओढून डावीकडे न्या. इथवर सगळे करतात, उंचीकडे मात्र कोणी बघत नाही. लॅपटॉप टेबलावर खाली आणि मॉनिटर स्टँडवर वर असेल, तर चौकोनही तसेच वर-खाली हवेत. दोन चौकोनांच्या कडा जिथे एकमेकींना भिडत नाहीत, तिथे कर्सर भिंतीला धडकल्यासारखा थांबू शकतो. कर्सर हळूच पलीकडे सरकवा आणि तो किती उंचीवर बाहेर येतो ते पाहा. वर निघाला किंवा खाली, तर चौकोन थोडा सरकवून पुन्हा पाहा. चौकोनाचा आकार इंचांवर नव्हे, रिझोल्यूशनवर, म्हणजे पडद्यावर किती पिक्सेल आहेत त्यावर ठरतो. त्यामुळे २४ इंची ४के मॉनिटरचा चौकोन २७ इंची फुल एचडीपेक्षा मोठा दिसतो आणि पूर्ण कडेवर मेळ बसत नाही. तुमची नजर जिथे जास्त असते, तिथली उंची जुळवा.

लॅपटॉपचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते प्रमाण, १५० टक्के आणि मॉनिटरचं १०० टक्के असेल तर जुने प्रोग्रॅम एका पडद्यावर धूसर दिसू शकतात. स्केलिंग बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत या.

४के पडद्यावर कर्सर झटके खात चालतो का? रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवतो तो आकडा, ३० हर्ट्झवर आहे का ते बघा. एचडीएमआय जोडणीच्या १.४ या आवृत्तीची मजल ४केला ३० हर्ट्झपर्यंतच. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं, आणि केबलही त्या तोडीची हवी. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपवर केबल चुकून त्या कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते, तीही तपासा. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जातंच असं नाही.

मॉनिटर काढल्यावर एखादी विंडो गायब झाली तर प्रोग्रॅम बंद करू नका, सेव्ह न केलेलं काम जाईल. ऑल्ट-टॅबने ती निवडा, मग विंडोज आणि शिफ्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबा. तरीही आली नाही तर ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग कुठलाही एक बाण. आता माऊस हलवला की विंडो त्याच्यामागे येते.

एकाच पडद्याचे चार तुकडे करायचा मोहही आवरा. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर प्रत्येक वाट्याला जेमतेम ६८३ बाय ३८४ पिक्सेल येतात. एवढ्यात धड वाचताही येत नाही. तिथे दोनच विंडो ठेवा आणि मधली रेघ ओढून वाचायच्या विंडोला जास्त जागा द्या. विंडो कडेला नेऊनही चिकटत नसेल, तर सेटिंग्जच्या मल्टिटास्किंगमध्ये ‘स्नॅप विंडोज’ बंद पडलेलं असतं.